कळलावी : ओळख, परंपरेतील उपयोग आणि शाळेचे कर्तव्य

श्रावण महिन्यात पेण व रोहा या तालुक्यांच्या डोंगरपट्टीने शाळेस जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर, कुंपणाच्या कडेस किंवा करवंदीच्या जाळीवर एक फूल हमखास दृष्टीस पडते. बुडाशी पिवळे, वर तांबडे, पाकळ्यांच्या कडा नागमोडी आणि सर्व पाकळ्या ज्योतीप्रमाणे वर उफाळलेल्या, असे त्याचे रूप असते. मुले ते तोडून आणतात, गुरुजींच्या टेबलावर ठेवतात आणि त्याचे नाव विचारतात. “कळलावी” एवढे एका शब्दाचे उत्तर देऊन पुढील पाठाकडे वळणे सोपे असते. परंतु या वनस्पतीच्या बाबतीत तेवढे उत्तर पुरेसे नाही. हिला गौरीपुढे स्थान आहे, सुईणीने हिचा पिढ्यान्‌पिढ्या उपयोग केला आहे, आणि हिच्याच कंदाचा तुकडा पोटात गेल्यास माणूस दगावू शकतो. जी वनस्पती एकाच वेळी पूज्य, उपयुक्त आणि प्राणघातक आहे, तिची अर्धवट ओळख ही अज्ञानाइतकीच धोक्याची असते. यास्तव ग्रामीण शाळेतील प्रत्येक शिक्षकास कळलावीची पूर्ण ओळख असणे अगत्याचे आहे.

नावे आणि नावांतील घोटाळा

या वेलीस मराठीत कळलावी, खड्यानाग, वाघचबका अशी अनेक नावे आहेत. कोकणात गौरीच्या सणामुळे तिला “गौरीचे हात” असेही म्हणतात. संस्कृतात तिला अग्निशिखा, लांगली, कलिहारी, विशल्या अशी नावे मिळाली आहेत. यांपैकी बहुतेक नावे निरीक्षणातून आलेली आहेत. फूल पेटत्या ज्वालेसारखे दिसते म्हणून अग्निशिखा. जमिनीतील कंद नांगराच्या आकाराचा असतो म्हणून लांगली. लांगल म्हणजे नांगर. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावीत, म्हणून कळलावी. “कळ लावणे” याचा दुसरा अर्थ भांडण लावणे असाही होतो. त्यामुळे ही वेल घरात आणल्यास घरात कलह होतो, असा समज काही ठिकाणी रूढ झाला. या समजुतीस आधार नाही. मात्र तिच्यामुळे कंद घरात व मुलांच्या हाती येण्याचे टळले असेल, तर तेवढे तिचे काम चांगलेच झाले म्हणावयाचे.

पण नाव हे ओळखीचे खात्रीचे साधन नव्हे. कळलावीला काही लोक “बचनाग” म्हणतात, आणि खरा बचनाग हा हिमालयातील निराळ्याच कुळातील विषारी कंद आहे. कोठे कोठे तिला “वाघनखी” म्हणतात; परंतु विंचवाच्या नांगीसारखे दोन वाकडे आकडे असलेले फळ ज्यास येते, त्या रस्त्याकडेच्या झुडपासही वाघनखी हेच नाव आहे, आणि ते झुडूप मूळचे अमेरिकेतून आलेले आहे. तात्पर्य, एकाच नावाखाली तीन वनस्पती आणि एकाच वनस्पतीस दहा नावे, अशी स्थिती आहे. याच अडचणीतून शास्त्रीय नामकरणाची पद्धती निघाली. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने इ. स. १७५३ मध्ये या वेलीस “ग्लोरिओसा सुपर्बा” असे नाव दिले. वैभवशाली आणि दिमाखदार असा त्याचा अर्थ होतो. त्यापूर्वीही मलबारातील वनस्पतींवर डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने इ. स. १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या “हॉर्टस मलबारिकस” या ग्रंथमालेत ही वेल “मेन्दोनी” या तिच्या मलयाळी नावाने आलेली आहे. त्या ग्रंथाच्या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचे साहाय्य झाले होते, ही गोष्ट कोकणातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

वेलीची ओळख

कळलावी ओळखताना केवळ फुलावर विसंबू नये, कारण फूल वर्षातून थोडेच दिवस असते. पान, फूल, फळ आणि कंद या चारही अंगांनी ती ओळखता आली पाहिजे.

पान : पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, टोकाकडे निमुळते व देठ नसलेले असते. त्यातील शिरा बांबूच्या अथवा हळदीच्या पानातल्याप्रमाणे समांतर धावतात. सर्वांत महत्त्वाची खूण पानाच्या टोकाशी आहे. ते टोक लांबून त्याचा बारीक ताण्यासारखा आकडा झालेला असतो. काकडी किंवा दोडक्याच्या वेलीस ताणा खोडाच्या सांध्यापाशी निघतो. कळलावीत पानच आपल्या टोकाने आधारास विळखा घालते. ही एक खूण मुलांच्या मनावर ठसली, तर फूल नसतानाही वेल ओळखता येते. आधार मिळाल्यास वेल दहा-बारा फुटांपर्यंत चढते. न मिळाल्यास गवतातच उभी राहते.

फूल : फुले एकेकटी, लांब देठावर, खाली तोंड करून येतात. पाकळ्या सहा. कळी प्रथम हिरवी असते. फूल उमलताना पाकळ्या हिरवट पिवळ्या असतात, मग बुडाशी पिवळ्या व वर तांबड्या होतात आणि शेवटी सर्व फूल गडद तांबडे होते. त्यामुळे एकाच वेलीवर तीन रंगांची फुले दिसतात. ती तीन प्रकारची नसून एकाच फुलाच्या तीन अवस्था आहेत, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. पाकळ्या मागे उलटून वर वळतात, आणि त्यामुळे सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाजूस पसरलेले स्पष्ट दिसतात. स्त्रीकेसराची कुक्षिवृंत नावाची नळी बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूस जाते. फुलावर येणाऱ्या फुलपाखराच्या अंगास पराग लागावे आणि ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीस पोहोचावे, यास ही रचना अनुकूल आहे.

फळ : फळ लांबट बोंडासारखे असून त्याचे तीन कप्पे असतात. पिकल्यावर ते तीन भागांत उकलते आणि आतील नारिंगी-तांबडे बी दिसते. हे बी दिसण्यास आकर्षक असल्याने लहान मुले ते तोंडात घालण्याची भीती असते.

कंद : कंद पांढरट-पिवळसर, बोटाएवढ्या जाडीचा व इंग्रजी “व्ही” अक्षराप्रमाणे दोन फाट्यांचा असतो. दर वर्षी जुना कंद सुकतो व त्याच्या जागी नवा तयार होतो. अंकुर फुटण्याचा डोळा फाट्याच्या टोकाशीच असतो. ते टोक मोडले की त्या फाट्यातून वेल उगवत नाही.

स्थान आणि ऋतू

या दोन तालुक्यांची भूमी एकसारखी नाही. पेणच्या पश्चिमेस खाडीकाठचा खारेपाट आहे, तर पूर्वेस डोंगर व जंगल आहे. रोह्यास कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांस भातशेती असून तिच्या मागे अवचितगडासारखे डोंगर उभे आहेत. कळलावीस पाण्याचा निचरा होणारी जमीन व चढण्यास झुडुपाचा आधार लागतो. म्हणून ती भाताच्या खाचरात किंवा खाऱ्या जमिनीत सहसा न दिसता डोंगरउतार, जंगलाची कड, देवराई आणि शेताचे कुंपण येथे आढळते. मृगाचा पाऊस पडला की कंदास कोंब फुटतो, श्रावण-भाद्रपदात वेल फुलते, पाऊस सरल्यावर फळे पिकतात, आणि त्यानंतर जमिनीवरील सर्व भाग वाळून नाहीसा होतो. पुढील पावसाळ्यापर्यंत वेलीचा मागमूस राहत नाही; कंद मात्र मातीत जिवंत असतो.

कंदाची गफलत

खरा धोका नेमका याच काळात आहे. थंडीत या भागात सर्वत्र पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांबरोबर बटाटे, रताळी, कोनफळ इत्यादी भाजण्याचा हा आनंद येथील मुलांच्या अंगवळणी पडलेला आहे. डोंगरपट्टीतील कुटुंबे याच सुमारास रानातील करांदे व इतर कंद खणून आणतात. जाणत्या माणसाकडून चूक होत नाही. परंतु मोठ्यांचे पाहून मुले आपण होऊन कुंपणाच्या कडेस खणू लागली, तर हाती येणारा कंद कोणत्या वेलीचा हे सांगणारे पान अथवा फूल त्या वेळी जागेवर नसते. श्रीलंकेत कळलावीस “नियंगला” म्हणतात. तेथे तिचे कंद खाण्याचा कंद समजून शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. शिजविल्याने अथवा भाजल्याने हे विष जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

यास उपाय एकच. पावसाळ्यात वेल उभी असतानाच दोहोंतील भेद मुलांना दाखवून ठेवावयाचा. करांदा व कोनफळ यांचे पान हृदयाच्या आकाराचे, रुंद व देठाचे असते. त्यांची वेल खोडानेच आधारास पीळ घालून चढते आणि पानाच्या टोकास आकडा नसतो. कळलावीचे पान अरुंद, बिनदेठाचे व टोकाशी आकडा असलेले असते. ज्या जागी पावसाळ्यात कळलावी पाहिली, त्या जागी हिवाळ्यात खणावयाचे नाही, आणि जाणत्या माणसाने न ओळखलेला कंद मडक्यात घालावयाचा नाही, हे दोन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

परंपरेतील उपयोग

गौरीचा सण भाद्रपदात येतो. कोकणात अनेक घरी तेरड्याची रोपे मुळासकट आणून गौर मांडतात, आणि तिच्याजवळ कळलावीची फुले हात म्हणून योजतात. त्या दिवसांत रान जे देते तेच देवीस अर्पण करावयाचे, असा या रीतीचा भाव आहे. सणाच्या निमित्ताने घरातील मुलींना ऋतूतील वनस्पतींची नावे व जागा आपोआप कळत असत. म्हणजे सण हीदेखील एक निसर्गशाळाच होती.

औषधी उपयोगांत पहिला उपयोग नावातच सांगितलेला आहे. बाळंतपण अडले असता कंद उगाळून त्याचा लेप बेंबीभोवती किंवा तळहात-तळपायांस लावीत. त्याबरोबर एक कडक नियम पाळला जाई. प्रसूती होताच लेप ताबडतोब धुऊन टाकावयाचा, आणि कंद पोटात कदापि द्यावयाचा नाही. याखेरीज डोक्यातील उवा मारण्यास पानांचा रस लावीत, कातडीच्या विकारांवर कंदाचा लेप देत, आणि विंचू अथवा साप चावल्यावरही तो वापरीत. आयुर्वेदात या वनस्पतीची गणना उपविषांत केलेली असून गोमूत्रात शोधन केल्यावाचून ती औषधात घेऊ नये असे सांगितले आहे.

या उपयोगांकडे शिक्षकांनी दोन दृष्टींनी पाहावे. पहिली आदराची. पुस्तक न वाचलेल्या सुईणीस आणि रानातल्या वैदूस या वनस्पतीची शक्ती व तिची मर्यादा दोन्ही ठाऊक होत्या. किती लावावे, कोठे लावावे, केव्हा पुसावे आणि काय कधीच करू नये, हे त्यांच्या ज्ञानाचे अविभाज्य अंग होते. दुसरी दृष्टी विवेकाची. ती सुईण व तो वैदू आता बहुतेक गावांत राहिलेले नाहीत. “कळलावीने बाळंतपण सुटते” एवढे वाक्य लोकांच्या तोंडी उरले आहे, आणि “लगेच धुऊन टाकावे, पोटात देऊ नये” हे वाक्य मात्र गळून गेले आहे. उपयोग स्मरणात राहिला आणि वर्ज्य काय ते विसरले, की परंपरेचे औषध विष होते. गर्भपातासाठी हा कंद पोटात घेतल्याने स्त्रिया दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून प्रसूतीसाठी आरोग्य केंद्र आणि सर्पदंश झाल्यास प्रतिविषाची लस असलेले रुग्णालय हाच आजचा मार्ग होय, असे पालकसभेत स्पष्टपणे सांगावे.

विषाचे स्वरूप

कळलावीच्या सर्व भागांत, आणि विशेषतः कंद व बी यांत, कोल्चिसीन हे द्रव्य असते. युरोपातील एका निराळ्या वनस्पतीतून ते प्रथम इ. स. १८२० मध्ये वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबविते. शरीरात ज्या ठिकाणी नव्या पेशी सतत तयार होतात, तेथे त्याचा घाला प्रथम पडतो. आतड्याचे अस्तर, हाडांतील रक्त तयार करणारा मगज आणि केसांची मुळे ही ती ठिकाणे होत. म्हणूनच कंद खाल्ल्यावर काही तासांत तोंडाची व घशाची आग, उलट्या व पटकीसारखे जुलाब सुरू होतात; दोन-तीन दिवसांनी रक्तातील पेशी कमी होऊन इतर इंद्रिये निकामी होऊ लागतात; आणि रोगी वाचल्यास एक-दोन आठवड्यांनी त्याचे केस गळतात. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे नव्हे.

हेच द्रव्य योग्य मात्रेत डॉक्टरांच्या हाती औषध ठरते. सांध्यांना सूज आणणाऱ्या गाऊट या विकारावर ते दिले जाते. पेशींचे विभाजन थांबविण्याच्या याच गुणामुळे वनस्पतींतील रंगसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, असे इ. स. १९३७ मध्ये आढळून आले, आणि बिनबियांच्या कलिंगडाची जात तयार करण्यास त्याचा उपयोग झाला. तमिळनाडूत औषधासाठी बी मिळावे म्हणून कळलावीची शेती होते. ते त्या राज्याचे राज्यपुष्प असून आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाचे राष्ट्रीय पुष्पही हेच आहे. आपल्या कुंपणावरची वेल इतक्या दूरवर मान्यता पावलेली आहे, हे ऐकून मुलांचा तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

शाळेतील पाठ

परिसर अभ्यासाच्या तासास इयत्ता तिसरी ते पाचवीच्या वर्गांना हा पाठ श्रावणात द्यावा. फूल वर्गात आणण्याऐवजी वर्ग फुलाकडे न्यावा. पाठाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. शिक्षकांनी आदल्या दिवशी जागा पाहून ठेवावी. निघण्यापूर्वी “पाहावयाचे, तोडावयाचे नाही, तोंडात काहीही घालावयाचे नाही” हा नियम सांगावा.

२. वेलीजवळ गेल्यावर नाव लगेच सांगू नये. ही वेल कशाने चढते, हा प्रश्न विचारून पानाच्या टोकाचा आकडा मुलांना स्वतः शोधू द्यावा.

३. एका कळीजवळ काठी रोवून ठेवावी, आणि शाळेस येता-जाता दोन मुलांनी रोज फुलाचा रंग नोंदवावा. आठवड्याअखेर तक्ता वर्गात लावावा.

४. पान व फूल यांची चित्रे काढून घ्यावीत. शेजारी करांद्याच्या पानाचे चित्र काढवून दोहोंतील भेद लिहवून घ्यावा.

५. घरच्या वडीलधाऱ्यांकडून या वेलीचे नाव, उपयोग व “काय करू नये” ही माहिती विचारून आणण्यास सांगावे. तिसरा प्रश्न विसरू देऊ नये.

६. परतल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

पेण व रोहा येथील अनेक शाळांत ठाकूर व कातकरी समाजांची मुले आहेत. वाचनात मागे राहणारा यांतील एखादा मुलगा रानात गेल्यावर वर्गातील सर्वांत जाणता ठरतो. पुस्तकाने शिक्षकास जे शिकविले, ते त्यास पायवाटेने शिकविलेले असते. या पाठाच्या वेळी त्यास पुढे बोलवावे व इतरांस दाखविण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. त्या एका तासाने त्याची शाळेविषयीची भीती जितकी कमी होईल, तितकी अनेक दिवसांच्या उपदेशाने होणार नाही.

कोणी मुलाने कंद, बी अथवा अन्य भाग खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, ताक-तूप देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. खाल्लेल्या वनस्पतीचा तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा आणि खाल्ल्याची वेळ डॉक्टरांना सांगावी.

शेवटी एक सूचना. विष आहे असे ऐकताच वेल उपटून टाकण्याचा मोह काहींना होईल. तसे करू नये. औषधासाठी कंद खणले गेल्याने अनेक ठिकाणी ही वेल विरळ झालेली आहे, आणि कंद गेला की त्या जागेची वेलही जाते. शाळेच्या आवारात ती मुद्दाम लावू नये. परंतु रानात व कुंपणावर ती जेथे आहे तेथे तिला राहू द्यावे. विषाच्या भीतीने रान ओसाड करणे हे शिक्षण नव्हे. पावसाळ्यात फूल पाहून आनंदणारे मूल हिवाळ्यात पोपटीसाठी खणताना त्याच जागी आपला हात आखडते घेईल, तर हा पाठ त्यास समजला असे मानावे.